बिनआग्रहाची पंगत

आंधळगावच्या त्या लग्नात मी बुंदीची बादली घेऊन मानाच्या पंगतीत शिरले, तर पहिल्याच पत्रावळीवर हाताचा पंजा आडवा आला. "नको नको, बस झालं." मी म्हटलं "बरं" आणि पुढच्या पानाकडे गेले. तिथेही पंजा. "नाही हो बाई, पुरे." "बरं." असं करत मी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि भरलेली बादली भरलेलीच घेऊन परत आले. मनात म्हटलं, आज काम काय पटकन झालं! मग लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन गेले. तेही तसेच परत आणले. पुऱ्यांचंही तेच. एवढी कमी जेवणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते.

पंगत उठली. घरचे थोरले जावई, ज्यांच्या पानात जेमतेम वरणभात पडला होता, ते तडक बाहेर गेले आणि उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसले. लोक एकेक करून त्यांची समजूत काढायला जाऊ लागले. सासरे गेले, मेव्हणा गेला, नवरी शालू सावरत गेली. जावई प्रत्येकाला म्हणत होते, "मले काही नको." मी जवळच रिकामे द्रोण गोळा करत होते. मदत व्हावी म्हणून मी सासऱ्यांना सांगितलं, "ते नको म्हणतायत."

सासऱ्यांनी माझ्याकडे कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी लोकांच्या डोळ्यांत बघत नाही. पण त्यांच्या चपला बराच वेळ माझ्या समोरून हलल्या नाहीत.

ज्या काकींच्या हाताखाली मी वाढप्याचं काम करते, त्यांनी मला दंडाला धरून भाताच्या मोठ्या पातेल्यांमागे, त्यांच्या भाषेत भगोन्यांमागे, नेलं.

"अवं, त्यायनं नको म्हटलं तं तू आयकलं काहून?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तो नको म्हणते, आपण वाढतो. तो पुन्हा नको म्हणते, आपण पुन्हा वाढतो. मंग तो पोटावर हात ठेवून म्हणते, लई झालं बाप्पा. तवा सोडतो आपण. असं असते ते!"

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"हे सांगा लागते काय वं?"

मला सांगायला लागतं. तिथेच सगळी गोची आहे.

मी मूळची सांगलीकडची. शाळा आठवीत सोडली. सुटली म्हणा. सर फळ्यावर काहीतरी लिहून विचारायचे, "समजलं का?" सगळा वर्ग म्हणायचा "हो", आणि मी म्हणायचे "नाही". पोरं हसायची, सर चिडायचे, आणि वर शाळेची घंटा अशी वाजायची की माझ्या दाढा दुखायच्या. आईनं एक दिवस दप्तर काढून घेतलं आणि खुरपं दिलं. मग पुढं अक्काचे मालक भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला कारखान्यात लागले, अक्काला दिवस गेले, आणि तिच्या बाळंतपणाला म्हणून मला गाडीत बसवून इकडं पाठवलं. बाळ आता शाळेत जातं. मी क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत तशीच राहिले.

राहिले, कारण इथं मला काम मिळालं. भंडाऱ्यात काकींचा स्वयंपाकाचा आणि पंगती उठवण्याचा धंदा आहे. त्यांनी मला काही न विचारता ठेवून घेतलं. त्यांचे हे उपकार मी रोज सकाळी उठल्या उठल्या मोजते, आणि लगेच भीती वाटते की आज ते संपणार. काम गेलं तर अक्काकडं फुकट किती दिवस बसणार? मग परतीची गाडी, गाव, आणि ओट्यावर बसलेल्या बायका: "आली का खुळी?" आई तर स्थळ बघूनच बसली होती. मुलगा चांगला, फक्त बँडवाला. घरातच सराव करतो.

तर काकी त्या दिवशी भगोन्यांमागे म्हणाल्या, "मी तुले काढत नाही. पण असं चाललं तं मले कोणी ऑर्डर देणार नाही, पोरी. तुले दुरुस्त करा लागते." आणि काकी बोलल्या की करतात. मिक्सर बिघडला की त्या तो पदराखाली घेऊन ज्या तत्परतेनं बाजारात जातात, त्याच तत्परतेनं मला स्कुटीवर मागं बसवून घेऊन गेल्या. नागपूरहून एक ताई आठवड्याला येतात, माणसांच्या मनाचं बघतात, असं त्यांनी कुठल्याशा लग्नात ऐकलं होतं.

ताईंची खोली पितळी भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली कुणीतरी हंडा घेत होतं आणि दुकानदार तो वाजवून दाखवत होता. प्रत्येक टण्णला मी एक पायरी खाली उतरत होते आणि काकी मला परत वर ओढत होत्या. आत गेल्यावर काकींनी खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं: पंगत, पंजे, बुंदी, ट्रॉली. ताई मान हलवत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले आणि म्हणाल्या, "माफ करा हं, खालचा आवाज मला सहन होत नाही. आता सांगा."

काकींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी जावई जास्त वेळ ट्रॉलीत बसले. शेवटी काकींनी विचारलं, "तं कधी मिळंल?"

"काय?"

"ही. दुरुस्त होऊन. सीझन सुरू आहे नं."

"पण ही मोडलेलीच नाही," ताई म्हणाल्या. "दुरुस्त काय करू?"

"मंग जवाई कोणामुळं रुसला?"

"जावयांना पाठवा की माझ्याकडे."

काकींना हसावं की उठून जावं कळेना. त्या हसल्या. मग ताईंनी मला विचारलं, "तुम्हाला या खोलीत काय त्रास होतोय?" मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मला अहो-जाहो करणारं आजवर कुणी नव्हतं. मागं कुणी नव्हतं. मी ट्यूबलाइटकडं बोट केलं. ती बारीक गुणगुणत होती. ताईंनी उठून ती बंद केली आणि खिडकी उघडली. बस्स, तेवढंच. मला एकदम रडू आलं, आणि काकी घाबरून म्हणाल्या, "अवं, लाइट तं चालूच ठेवा, पोरगी रडून राहिली!"

पुढं नागपूरला नेऊन तपासण्या झाल्या. ऑटिझम, असं त्याचं नाव निघालं. ताईंनी सांगितलं की माझं डोकं ऐकलेला शब्द खरा मानतं, आवाज मोठा करून ऐकतं, आणि ठरलेलं बदललं की गडबडतं. अशी मोठी माणसं पुष्कळ असतात, पण ती कुणाला सांगत नाहीत. त्या स्वतःही वेगळ्याच डोक्याच्या होत्या. त्यांचं चित्त एका जागी ठरत नसे. चष्मा, पेन, चहाचा कप, सगळं रोज हरवायचं. आम्ही दोघी मिळून आधी त्यांचा चष्मा शोधायचो आणि मग थेरपी सुरू व्हायची. एकदा तो काकींच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली सापडला. कसा गेला, ते काकींनाही माहीत नाही.

मला एक खोड आहे. कुणी गप्प बसलं की मी विचारते, "राग आला का?" अक्काला मी हे इतकं विचारलंय की विचारल्यामुळंच तिला राग येतो. ताईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही आला. आला तर मी सांगेन." मी ऐकलेलं खरं मानते. त्यामुळं त्यांना तो प्रश्न मी पुन्हा कधी विचारला नाही. त्या एका खोलीत मला किती हलकं वाटायचं!

ताईंनी एक काम दिलं. तुम्ही कशात चांगल्या आहात ते घरच्यांना विचारा. मी अक्काला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, भाकरी करपली, तरी ती विचारच करत होती. मग म्हणाली, "तू घोरत नाहीस." दाजी म्हणाले, "गेटची कडी नीट लावतीस." अक्काचा लेक म्हणाला, "मावशी माझा खाऊ खात नाही, मी नको म्हटलं की." काकींना विचारलं तर त्या उचकल्या. "चांगली नसती तं ठेवली असती काय? कायच्या कायी इचारते!"

ताईंना हे सांगितलं तेव्हा भाच्याच्या उत्तरावर त्या थांबल्या. मी मात्र पुढं निघून गेले होते. मला आग्रह शिकायचा होता. ताई म्हणाल्या, "शिकायचा तर शिका. पण तुम्हाला हवाय म्हणून, की भीती वाटते म्हणून?" मी म्हटलं, "भीती वाटते म्हणून." त्या म्हणाल्या, "बरं. निदान खरं बोललात."

सराव दाजींवर केला. रविवार होता, ते निवांत जेवायला बसले. मी नियम पक्का केला होता: नको म्हणजे वाढ. पहिली पोळी वाढली. दाजी म्हणाले, "बास." मी वाढली. "अगं, बास म्हटलं की." आणखी वाढली. दाजींनी ताट उचलून छातीशी धरलं, मी पोळी खांद्यावरून आत टाकली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत खाली बसली. दाजी भला माणूस, अन्न टाकत नाहीत. खात राहिले. शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "अगं बाई, माझं नको खरंच नको होतं गं!" आणि जे आडवे झाले ते सोमवारी कारखान्याची बस चुकवूनच उठले.

मला पोटात दुखत होतं. खाल्लं त्यांनी, दुखलं मला. पण त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. माझं नको खरंच नको होतं. म्हणजे जेवणाऱ्यांच्या बाजूलाही माझ्यासारखी माणसं असतात! ती पंगतीत बसतात, पंजा धरतात, आणि माझ्यापेक्षा हुशार वाढपी त्यांच्या पंजावर बुंदी ओततात.

ताईंना मी हे धापा टाकत सांगितलं. त्यांनी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, आणि तो पुसायचं विसरून म्हणाल्या, "मग तुम्हाला कशाला बदलायचं? पंगतच बदलू."

आता हे काकींना सांगणं आलं. त्या ऐकून म्हणाल्या, "बिनआग्रहाची पंगत? अवं, आग्रह नाही तं लोक जेवाले येतात कायले? घरी भात नाही शिजत काय त्यायच्या?" आणि विषय संपला. पण तेवढ्यात एक ऑर्डर आली, भंडाऱ्यात नव्या घराच्या वास्तूची. ऑर्डर देणारे होते तेच ट्रॉलीतले जावई.

काकींनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. "ज्या माणसानं आपलं जेवण खाल्लंच नाही, तो ऑर्डर काहून देऊन राहिला? इज्जत काढाले बलावते काय?" मग माझ्याकडं वळल्या. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "पोरी, इथं बिघडलं तं माह्या हातात काही राहत नाही. तुले गावाले वापस जा लागंल."

जावई काय काय करायचं ते सांगायला आले. वांग्याची भाजी, वडे, मठ्ठा, बुंदी, सगळं ठरलं. मी कोपऱ्यात लसूण सोलत होते. काकींनी मला बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण मला एक गोष्ट माहीत असणं गरजेचं होतं, म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडं खरंच नको असलेली माणसं आहेत का?"

काकींनी मला पाठीला चिमटा काढला. जावई गप्प बसले. राग आला का, हे शब्द माझ्या ओठावर आले होते, तेवढ्यात ते म्हणाले, "आहेत नं. मीच आहो."

"तुमी?" काकी म्हणाल्या.

"मले शुगर आहे. बुंदी चालत नाही, तरी सासुरवाडीत दरवेळी पान भरून वाढतात. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी माह्यं आयकलं. घरी गेलो तं पोट कसं हलकं फूल."

"मंग ट्रॉलीत कायले बसले होते जी तुमी?"

"रुसा लागते नं," जावई समजावून सांगावं तसं म्हणाले. "जवाई आहो."

अशा रीतीनं वास्तूच्या दिवशी मांडवाच्या कडेला, हिरव्या जाळीच्या सावलीत माझी वेगळी पंगत बसली. जावई आज यजमान होते, त्यांनी स्वतः माइकवरून सांगितलं, "ज्यायले आग्रह नको, त्यायनं तिकडच्या पंगतीत बसा." सुरुवातीला कुणी हललं नाही. मग दुसरेच एक शुगरवाले गृहस्थ आले. मग दातांचं काम चाललेली एक बाई आली. मग यजमानांची आई आली, कारण तिला सावली हवी होती. तिच्यामागून बघता बघता पंगत भरली. काकी दोन्ही पंगतींच्या मधे उभ्या होत्या. मला दुरून बघायला ताईही आल्या होत्या, कानांत कापूस घालून, चष्म्याशिवाय. चष्मा डोक्यावर होता.

माझ्याही कानांत कापूस होता. मी वरणभात, भाजी सगळ्यांना वाढली आणि बुंदीची बादली घेऊन निघाले. "हवीय का?" "नको." "बरं." "हवीय का?" "नको." "बरं." आणि मी टोकाला पोचले.

वळून बघितलं तर पंगत बसली होती. कुणी उठत नव्हतं, कुणी खात नव्हतं. सगळे माझ्या बादलीकडं बघत होते. सगळ्यांना वाटत होतं, मी परत येणार. मी कशाला येऊ? ती माणसं नको म्हणाली होती. पलीकडच्या पंगतीत आरडाओरडा चालला होता, घ्या हो, अजून एक, माझी शपथ. काकींनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं परतीची गाडी आली, ओटा आला, बँड आला. आंधळगावच पुन्हा होणार होतं, फक्त या वेळी सावलीत.

मी काय करावं ते मला खरंच कळत नव्हतं. मी बादली धरून उभी राहिले.

तेव्हा यजमानांची आई, जी पंगतीतली सगळ्यात म्हातारी होती, ती माझ्यावर खेकसली. "अवं पोरी! वापस कायले नाही येऊन राहिली?"

"तुम्ही नको म्हणालात."

"हाव, म्हटलं मी!"

"मग?"

म्हातारीनं पानाकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, शेजारच्या बाईकडं बघितलं. मग मान खाली घालून, कुणाची तरी चोरी करावी तशी म्हणाली, "मले बुंदी पायजे."

"किती?"

"लई!" ती इतक्या जोरात म्हणाली की माझ्या कापसातून ऐकू आलं.

मी वाढली, ती बस म्हणेपर्यंत. शेजारची बाई लगेच म्हणाली, "मले बी पायजे, पण एकच डाव." दातांच्या बाईनं मऊ भात मागितला. शुगरवाले म्हणाले, "मले मठ्ठा, आणि कोणाले सांगू नका, एक दाणा बुंदी." मी एक दाणा वाढला. एकच. ते बघतच राहिले, आणि मग सगळी पंगत इतकी हसली की आग्रहाच्या पंगतीतली माणसं मान वळवून बघू लागली. म्हातारी तर सुटलीच होती. "वडा पायजे! भाजी नाही पायजे! वडा अजून एक पायजे!" सून शेजारून म्हणाली, "आत्याबाई, तुमाले तं वडा आवडत नाही नं?" म्हातारी म्हणाली, "कोणी इचारलं होतं काय आजपावतो?"

दुसरी पंगत बसायची वेळ झाली तर लोक हिरव्या जाळीखाली जागा धरून बसले. आग्रहाचे वाढपी रिकाम्या सतरंज्यांवर उभे राहून एकमेकांनाच आग्रह करत होते. यजमान लांबून मला दोन्ही हातांनी नमस्कार करत होते. मला तो बुंदीला नकार वाटला, म्हणून मी त्यांच्याकडं गेलेच नाही.

सगळं आवरल्यावर काकी दमून पाटावर बसल्या. ताई चष्मा शोधत होत्या. मी सांगितलं, डोक्यावर आहे. काकी त्यांना म्हणाल्या, "ही तं तशीच्या तशीच आहे बाप्पा. तुमी काहीच दुरुस्त नाही केलं."

"नाही केलं," ताई आनंदानं म्हणाल्या.

काकींनी पदरानं घाम पुसला. मग मला म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये. तुमसरची ऑर्डर आहे. तुही पंगत मांडा लागंल, त्यायनं इचारलं आहे."

मी विचारलं, "म्हणजे मी राहायचं?"

"सांगतलं नं."

सांगितलं होतं. मी खरं मानलं.

मग मी काकींचं पान वाढलं, वरणभात, वडे, वांग्याची भाजी. उरलेल्या बुंदीची बादली पुढं नेली. काकी इतक्या वर्षांच्या सवयीनं पंजा आडवा धरून म्हणाल्या, "नको वं, नको."

मी म्हटलं "बरं" आणि बादली उचलून निघाले.

"अवं ए!" मागून आवाज आला. "कुठं घेऊन चालली? वापस आण! पायजे, पायजे मले!"